बारावी सायन्सनंतर रेस्पिरेटरी थेरपी: फी भरण्याआधी एवढं तपासा

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे येतात. "मॅडम, नीटमध्ये नंबर लागत नाही. आता नर्सिंग की फार्मसी?" तिसरं नाव सहसा कुणी घेत नाही. कोविडमध्ये व्हेंटिलेटर हा शब्द घराघरात पोहोचला, पण त्या यंत्राशेजारी कोण उभं असतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

रेस्पिरेटरी थेरपिस्टचं काम श्वासाचं. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे व्हेंटिलेटर लावायचा, किती ऑक्सिजन, किती दाब यावर नजर ठेवायची, नळीत साचलेला कफ ओढून काढायचा. धमनीतल्या रक्ताची तपासणी करून पीएच 7.35 ते 7.45 च्या आत आहे का ते बघायचं. सगळ्यात नाजूक काम म्हणजे पेशंटला मशीनवरून हळूहळू स्वतःच्या श्वासावर आणणं. दम्याच्या पेशंटला इनहेलर नीट ओढायला शिकवणं हेही यातच आलं, आणि आपल्या मोहल्ल्यांत त्याची गरज किती आहे ते सांगायला नको.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. बीएस्सी पदवी इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांची असते. कर्नाटकातलं मणिपाल या कोर्ससाठी ओळखलं जातं. 2021 च्या केंद्रीय कायद्याने अशा आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदणीची व्यवस्था आणली.

फसवणूक होते ती इथेच. "सहा महिन्यांत आयसीयू टेक्निशियन, गल्फमध्ये नोकरी" अशा जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. अम्मीचे दागिने मोडून फी भरलेली घरं आम्ही पाहिली आहेत. सौदी किंवा दुबईत परवान्यासाठी पदवीची थेट विद्यापीठाकडून पडताळणी होते, परीक्षाही द्यावी लागते. तिथे असले कागद चालत नाहीत. म्हणून कॉलेजात दोनच गोष्टी विचारा: पदवी कोणतं विद्यापीठ देतं? आणि मुलं शिकायला कोणत्या आयसीयूत जातात? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं, तर सरळ उठून या.

मुलींच्या घरी रात्रपाळीचा प्रश्न निघतोच. रात्रपाळी असते, हे लपवू नका. आयसीयूत हात कोपरापर्यंत उघडे ठेवून धुवावे लागतात. हिजाबाबाबत त्या हॉस्पिटलचा नियम आधीच विचारून घ्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं, मात्र त्यावर व्याज असतं, तेव्हा घरात आधी मश्वरा करा. आणि फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या डॉक्टरांना सांगून मुलीला तासभर तरी आयसीयू दाखवून आणा.