तबकडीवरील गाण्यांचा क्रम

मैफलीस बसलेला गवई विलंबितानें आरंभ करतो, द्रुतांत येतो आणि रात्र सरतां सरतां भैरवीनें शेवट करतो. कोणत्या चिजेमागून कोणती घ्यावी हें तो समोरच्या श्रोत्यांची मुद्रा पाहून ठरवितो. एखादी रंगली नाहीं, तर पुढचा बेत बदलतो. तबकडीवर गाणाऱ्यास ही सोय नाहीं. तेथें क्रम एकदां ठरला कीं तो कायमचा. तरीहि तो ठरविणें हें रचनेचेंच एक अंग आहे, ही गोष्ट पाश्चात्य व्यापाऱ्यांस पटावयास बराच काळ जावा लागला.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटांचें गाणें मावे. तेव्हां क्रमाचा प्रश्नच नव्हता. अशा कांहीं तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणींत घालून विकीत, म्हणून त्या संचास ‘आल्बम’ हें नांव पडलें. त्यांतील कोणती आधीं लावावयाची हें घरच्या माणसांच्या मर्जीवर असे. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी बाजारांत आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचें संगीत मावूं लागलें. क्रमाची पहिली अट मात्र रसिकतेनें नव्हे, यंत्रानें घातली. फेऱ्यांची गति तीच असल्यामुळें कडेच्या लांब चरांतून सुई वेगानें जाते व मध्याजवळच्या आंखूड चरांतून मंद. तेथें मोठा, तीव्र आवाज फाटका येतो. म्हणून बाजूच्या आरंभीं जोरकस गाणें आणि शेवटीं हळुवार, अशी वहिवाट पडली.

क्रम बदलला म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें तर इंग्लंडांतील बीटल्स या चौघा गायकवादकांचें उदाहरण घ्यावें. त्यांच्या इंग्लंडांतल्या तबकडीवर बहुधा चौदा गीतें असत. अमेरिकेंतील कॅपिटॉल कंपनी त्यांतलीं कांहीं काढून घेई, दुसरीकडचीं घाली आणि उरलेल्यांतून आणखी एक तबकडी उभी करी. दुकानदारीस तें सोयीचें होतें. १९६५ सालची ‘रबर सोल’ इंग्लंडांत ‘ड्राइव्ह माय कार’ या ठसकेबाज गीतानें सुरू होई. अमेरिकेंत तें गाळून आरंभीं दुसऱ्या तबकडीवरचें एक साधें, लोकगीताच्या वळणाचें गाणें ठेविलें गेलें. नांव एकच, पण दोन देशांतल्या श्रोत्यांचा पहिला ग्रह मात्र वेगळा. पुढच्या वर्षीं ‘रिव्हॉल्व्हर’मधून तीन गीतें वगळलीं गेलीं, तीं तिन्ही जॉन लेनन याचीं. त्यामुळें अमेरिकन तबकडींत त्याचीं दोनच मुख्य गीतें राहिलीं. ग्रंथकाराचीं प्रकरणें फाडून पुस्तक विकावें, तसाच हा प्रकार होय.

१९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या तबकडीपाशीं हें थांबलें. तींतील तेरा गीतें दोन्ही देशांत त्याच क्रमानें निघालीं. निर्माते जॉर्ज मार्टिन हे लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयांत शिकलेले, ओबो हें सुषिर वाद्य वाजविणारे गृहस्थ. एका काल्पनिक बँडचा जलसा आहे, अशी पॉल मॅकार्टनीची कल्पना. त्यामुळें क्रमास जलशाचेंच रूप आलें. गाण्यागाण्यांतील नेहमींची निःशब्द जागाहि बहुतेक गाळली गेली. पहिल्या बाजूचा क्रम आधीं निराळा ठरला होता. घर सोडून जाणाऱ्या मुलीचें करुण गीत तेव्हां शेवटीं होतें. अखेरच्या मांडणींत तेथें सर्कशीचें गाणें आलें आणि बाजू गलबल्यांत संपूं लागली. या सर्कशीच्या गाण्यांतला वाफेच्या ऑर्गनांचा कल्लोळ ध्वनिफितीचे तुकडे करून, ते हवेंत उधळून, हातीं येतील तसे जोडून केलेला आहे. क्रमासाठीं इतका खल झालेल्या तबकडींत हेंहि असावें, ही मौजच!

खरा पेंच जॉर्ज हॅरिसनच्या गीताचा होता. दिलरुबा, तबला व तंबुरा यांच्या साथीचें, पांच मिनिटांचें हें गीत. साथीस लंडनच्या ‘एशियन म्यूझिक सर्कल’मधील वादक. सोबत्यांपैकीं एकाचाहि त्यांत आवाज नाहीं. इंग्रजी नाटकी ढंगाच्या गाण्यांमध्यें तें घालावें कोठें? मार्टिन यांनीं तें दुसऱ्या बाजूच्या अगदीं आरंभीं ठेविलें. त्याच्या अखेरीस थोडें हसणें ऐकूं येतें आणि लागलीच क्लॅरिनेटवर म्हातारपणाचें खेळकर गाणें सुरू होतें. पुढें एका गाण्याच्या शेवटीं कोंबडी ओरडते व तिचाच स्वर पुढच्या गिटारीचा पहिला स्वर होऊन बसतो. तें साम्य अवचित सांपडलें. मार्टिन यांनीं तें नेमकें जुळविलें.

शेवटाविषयीं वाद होण्याचें कारण नव्हतें. ‘अ डे इन द लाइफ’ जानेवारींतच ध्वनिमुद्रणास घेतलेलें; पण त्याच्या अखेरीस तीन पियानोंवर एकदम दाबलेला स्वरसंघात चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जातो, त्यामागून कांहीं वाजविणें शक्यच नव्हतें. म्हणून बँडनें आरंभींच्याच सुरावटींत निरोप घ्यावयाचा आणि मग हें गीत यावयाचें. मार्टिन यांना खंत राहिली ती निराळीच. याच वेळीं मुद्रित झालेलीं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ व ‘पेनी लेन’ हीं दोन उत्कृष्ट गीतें फेब्रुवारींत सुट्या तबकडीवर विकलीं गेल्यानें, त्या वेळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणें, येथें घेतां आलीं नाहींत. व्यवसायांतली आपली सर्वांत मोठी चूक म्हणून ते पुढें तिचा उल्लेख करीत.

१९८७ सालीं हीच गीतें त्याच क्रमानें कॉम्पॅक्ट डिस्कवर आलीं. तिला एकच बाजू वाजविण्याची. सर्कशीचा गलबला संपल्यावर श्रोत्यानें उठावें, तबकडी उलटावी, सुई ठेवावी आणि मग दिलरुबा व तंबुऱ्याचे सूर ऐकूं यावेत, ही मधली जागा त्या मांडणींतून गेली. क्रमांतला एकहि आंकडा बदलला नव्हता.