हरलेल्या सामन्याचे विष : अलाबामा, ऑबर्न आणि टूमर्स कॉर्नरचे दोन ओक

१/ २७ जानेवारी २०११. अमेरिकेतील अलाबामा राज्यात पॉल फाइनबॉम यांच्या लोकप्रिय क्रीडा-रेडिओ कार्यक्रमात एक फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःची ओळख ‘डेडव्हिलचा अ‍ॅल’ अशी करून दिली आणि शांत स्वरात सांगितले, की ऑबर्न गावातील दोन जुन्या ओक वृक्षांना आपण विष घातले आहे. झाडे मेली का, असे विचारताच तो म्हणाला, अजून नाही, पण मरणार हे नक्की. कारण? दोन महिन्यांपूर्वी हरलेला एक सामना. एका पराभवाचे दुःख झाडांच्या मुळांपर्यंत कसे पोहोचले, त्याचा हा इतिहास.

२/ येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याचा खेळ. या खेळाचा विद्यापीठीय अवतार अमेरिकेच्या दक्षिण भागात व्यावसायिक खेळापेक्षाही जिव्हाळ्याचा आहे. अलाबामा राज्याला फुटबॉल, बेसबॉल वा बास्केटबॉल यांच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये स्वतःचा एकही संघ नाही. राज्याची सारी निष्ठा दोन विद्यापीठांत वाटली गेली आहे : टस्कलूसाचे अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न विद्यापीठ. ज्यांनी या विद्यापीठांची पायरीही चढलेली नाही, अशी असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या यांपैकी एका संघाची असतात.

३/ या विभागणीला सामाजिक पदर आहे. अलाबामा विद्यापीठ १८३१ मध्ये सुरू झाले. राज्यातील वकील, डॉक्टर, राजकारणी घडवणारी ही जुनी संस्था. ऑबर्नला १८७२ मध्ये शेती व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठीचे सरकारी महाविद्यालय असा दर्जा मिळाला. ‘गाईगुरांचे कॉलेज’ हा टस्कलूसाकडून होणारा जुना उपहास याच भेदातून आला. ऑबर्नच्या या कृषिविद्येला पुढे कथेत महत्त्व येणार आहे.

४/ पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. ऑबर्न ३२–२२ ने जिंकले. १९०७ चा सामना ६–६ असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता व पंचांची निवड अशा क्षुल्लक मुद्द्यांवरून बोलणी फिसकटली. एकाच राज्यातील दोन विद्यापीठे त्यानंतर ४१ वर्षे परस्परांशी फुटबॉल खेळलीच नाहीत. १९४७ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाला सामना पुन्हा सुरू करण्याची विनंती करणारा ठराव संमत करावा लागला.

५/ १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला, तेव्हा दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका उद्यानात खरोखरीची कुऱ्हाड जमिनीत पुरली. वैर संपवण्याची ही मूळ अमेरिकन आदिवासींकडून आलेली खूण. त्याच दिवशी अलाबामाने ऑबर्नचा ५५–० असा फडशा पाडला. कुऱ्हाड पुरली गेली, वैर मात्र जमिनीवरच राहिले. बर्मिंगहॅमच्या लोह-पोलाद उद्योगावरून या सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणजे लोखंडी झुंज हे नाव पडले.

६/ एका खेळावर एवढे ओझे का? १८६५ मध्ये यादवी युद्धात हरलेला दक्षिण भाग दारिद्र्य आणि उपहास सोसत होता. १ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्नियातील रोज बोलमध्ये अलाबामाने वॉशिंग्टनला २०–१९ ने हरवले. हा मान मिळवणारा तो दक्षिणेतील पहिला संघ. दक्षिणी वृत्तपत्रांनी या विजयाला साऱ्या प्रदेशाच्या प्रतिष्ठेचे रूप दिले. मात्र या ‘आपण’मध्ये कृष्णवर्णीय नागरिक नव्हते. अलाबामा विद्यापीठाची दारे त्यांना खऱ्या अर्थाने १९६३ मध्ये उघडली आणि तीही गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात आडवे उभे राहिल्यानंतर. फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसण्यास १९७० चे दशक उजाडले.

७/ १९५८ ते १९८२ या काळात पॉल ‘बेअर’ ब्रायंट हे अलाबामाचे प्रशिक्षक होते. सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवणारा हा माणूस राज्यात दैवतासमान मानला गेला. पण दैवतेही हरतात. २ डिसेंबर १९७२ रोजी अलाबामा १६–० ने पुढे होते. अखेरच्या टप्प्यात ऑबर्नने तीन गुण घेतले आणि नंतर अलाबामाने लाथेने दूर धाडलेला चेंडू दोनदा, तोही जवळपास सारख्याच पद्धतीने, अडवून दोन्ही वेळा टचडाउन केले. अंतिम गुणसंख्या १७–१६. अलाबामाच्या त्या हंगामातील हा पहिला पराभव होता.

८/ ऑबर्न गावात, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी, टूमर्स नावाचे जुने औषधांचे दुकान आहे. त्याच्या समोरच्या चौकात दोन सदाहरित ओक उभे होते. संघ जिंकला की लोक तेथे जमत आणि टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फांद्यांवरून भिरकावत. काही वेळात झाडे पांढऱ्या पट्ट्यांनी झाकून जात. १९७२ च्या विजयानंतर ही प्रथा विशेष रुळली, असे सांगितले जाते. म्हणजे ऑबर्नसाठी जे विजयाचे तोरण, ते अलाबामाच्या चाहत्यांसाठी स्वतःच्या पराभवाचे स्मारक. झाड तेच, आठवणी दोन.

९/ आता २६ नोव्हेंबर २०१०. स्थळ टस्कलूसा, प्रेक्षक एक लाखाहून अधिक. अलाबामा आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता, तर ऑबर्न त्या हंगामात अपराजित. नियमित हंगामातील दोघांचाही हा शेवटचा सामना. पूर्वार्धातच अलाबामाने २४–० अशी आघाडी घेतली. याच पूर्वार्धात मार्क इंग्रॅमच्या हातून चेंडू निसटला, सीमारेषेच्या आतून सुमारे २० यार्ड सरळ घरंगळत गेला आणि थेट मागच्या रेषेपलीकडे बाहेर पडला. चेंडू ऑबर्नला मिळाला. तो जरासा जरी बाजूला वळून सीमारेषेबाहेर गेला असता, तर अलाबामाकडेच राहिला असता. चाहते असल्या ‘जर’वर वर्षानुवर्षे जगतात.

१०/ उत्तरार्धात कॅम न्यूटनने सामना फिरवला. अंतिम गुणसंख्या ऑबर्न २८, अलाबामा २७. इतक्या मोठ्या पिछाडीवरून ऑबर्न यापूर्वी कधीच जिंकले नव्हते. १० जानेवारी २०११ रोजी ऑरेगनला २२–१९ ने हरवून ऑबर्न राष्ट्रीय विजेते झाले. अलाबामाच्या चाहत्याला आपल्याच मैदानावर निसटलेला सामना आता शेजाऱ्याच्या मुकुटाची पायरी झालेला पाहावा लागला.

११/ असा पराभव माणसे कशी पचवतात? रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास येथे उपयोगी पडतो. सात विद्यापीठांत त्यांनी पाहिले, की संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे अधिक घालतात. दुसऱ्या प्रयोगात विजयाचे वर्णन ‘आपण जिंकलो’ असे, तर पराभवाचे ‘ते हरले’ असे करण्याकडे कल दिसला. सर्वनाम बदलून अंतर राखणे हा पहिला उपाय. पण ज्याची ओळखच संघाशी एकजीव झाली आहे, त्याला ‘ते’ म्हणता येत नाही. त्याची खरी पंचाईत येथे होते.

१२/ दुसरा उपाय म्हणजे विजेत्याची पात्रताच नाकारणे. न्यूटनच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे मुलाच्या प्रवेशाच्या बदल्यात पैसे मागितल्याचे प्रकरण तेव्हा गाजत होते. न्यूटनला त्याची कल्पना नव्हती, असे ठरवून नियामक संस्थेने त्याला खेळण्याची मुभा दिली. तरीही अलाबामाच्या अनेक चाहत्यांनी याच प्रकरणात सांत्वन शोधले. तिसरा उपाय सामूहिक विलापाचा. फाइनबॉम यांच्या कार्यक्रमात रोज तासन्‌तास फोन येत आणि माणसे तीच हळहळ पुनःपुन्हा बोलून हलकी होत.

१३/ चौथा मार्ग भयावह आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांच्या नोंदी पडताळल्या. विजयाची खात्री असताना स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला, तर पुरुषांकडून पत्नी वा जोडीदारावर होणाऱ्या घरगुती हिंसाचारात सुमारे १० टक्के वाढ आढळली. ‘केवळ खेळ आहे’ हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. पराभवाचा राग बहुधा निरपराध आणि हाताशी असलेल्यावरच निघतो.

१४/ ‘डेडव्हिलचा अ‍ॅल’ म्हणजे हार्वी अपडाइक, टेक्सासच्या पोलीस दलातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला गृहस्थ. तो अलाबामा विद्यापीठात कधीच शिकला नव्हता. तरीही मुलांची नावे त्याने संघावरून आणि प्रशिक्षकावरून ठेवली होती. १९८३ मध्ये ब्रायंट निधन पावले, तेव्हा ऑबर्नच्या लोकांनी याच झाडांवर कागद उधळून आनंद साजरा केला, असा आरोप त्याने त्या फोनवर केला. ऑबर्नवासीयांनी तो नाकारला. पण घडले असो वा नसो, ती ‘आठवण’ त्याने २८ वर्षे जपली होती. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे : सूडाला पुरावा लागत नाही, स्मृती पुरते.

१५/ फोननंतर मातीची तपासणी झाली आणि ‘स्पाइक ८०डीएफ’ हे तणनाशक मोठ्या प्रमाणात आढळले. त्यातील टेब्युथायुरॉन मुळांवाटे शिरून पानांची अन्न तयार करण्याची क्रिया बंद पाडते. झाड पुनःपुन्हा पालवते, पुनःपुन्हा पाने गाळते आणि साठा संपला की मरते. ऑबर्नच्या कृषी व उद्यानविद्येच्या तज्ज्ञांनी विषारी माती काढली, विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा घातला. ज्या विद्येचा शतकभर उपहास झाला, तीच ८० हून अधिक वर्षांच्या त्या झाडांसाठी दोन वर्षे झुंजली.

१६/ याच वेळी टस्कलूसाच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली. अलाबामाच्या काही चाहत्यांनी ‘टाइड फॉर टूमर्स’ नावाने फेसबुकवर मोहीम उघडली आणि प्रतिस्पर्ध्याच्या झाडांसाठी हजारो डॉलर जमवले. हेही तोच सामना हरलेले लोक होते. त्यांनाही तो चेंडू २० यार्ड घरंगळताना दिसत होता.

१७/ २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामावर चक्रीवादळांची मालिका कोसळली. राज्यात एका दिवसात २३० हून अधिक माणसे मेली. टस्कलूसा आणि बर्मिंगहॅममधून गेलेल्या एकाच वादळाने ६० हून अधिक बळी घेतले. तेव्हा ऑबर्नच्या चाहत्यांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ हा गट उभारला आणि पाणी, अन्न, स्वयंसेवक, जिथे जे हवे ते पोहोचवले. विषप्रयोगाची पुष्टी होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ज्या चौकाच्या नावावर घाव पडला होता, त्याच नावाने मदत धावली.

१८/ मार्च २०१३ मध्ये अपडाइकने गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातील किमान सहा महिने तुरुंगात आणि त्यानंतर पाच वर्षे देखरेखीखाली. महाविद्यालयीन क्रीडा सामन्यांना जाण्यास बंदी आणि सुमारे ८ लाख डॉलरची भरपाई. २०२० मध्ये तो मरण पावला, तोवर भरपाईचा अगदी थोडा भाग चुकता झाला होता. झाडे वाचली नाहीत. २० एप्रिल २०१३ रोजी लोकांनी शेवटचे एकदा फांद्यांवर कागद उधळले आणि तीन दिवसांनी दोन्ही ओक तोडण्यात आले.

१९/ त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०१३ रोजी, अलाबामा पुन्हा हरले. अखेरच्या क्षणी त्यांनी ५७ यार्डांवरून मारलेला चेंडू कमी पडला. ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने तो आपल्या मागच्या रेषेजवळ झेलला आणि संपूर्ण मैदान धावत पार केले : ३४–२८. टूमर्स कॉर्नरला आता झाडे नव्हती. खांबांना ताणलेल्या तारांवर लोकांनी कागद उधळले. पलीकडे, त्या सामन्यात आधी गुण हुकवलेल्या अलाबामाच्या केड फॉस्टरवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वहस्ते धीराचे पत्र लिहिले. ४३ व्या राष्ट्राध्यक्षाचे ४३ क्रमांकाच्या खेळाडूला पत्र.

२०/ पराभव सर्वांचा एकच होता. कोणी ‘ते हरले’ म्हटले, कोणी रेडिओवर रडले, कोणी विषाची पिशवी उचलली, कोणी सामन्यात चुकलेल्या मुलाला शिव्या दिल्या, कोणी शत्रूच्या झाडांसाठी खिशात हात घातला. म्हणून ‘चाहते असेच असतात’ हे विधान इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. वैराची परंपरा माणसाला दुःख देते. ते दुःख कोणावर टाकायचे, हे ती ठरवत नाही. ते ज्याचे त्याला ठरवावे लागते.

२१/ फेब्रुवारी २०१५ मध्ये टूमर्स कॉर्नरला नवे ओक लावण्यात आले. त्यांतील एक रुजला नाही, तो बदलावा लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये विजयोत्सवाच्या रात्री एका इसमाने फांदीवरचा कागद पेटवला आणि झाड होरपळले. ते काढून पुढच्या वर्षी पुन्हा नवे लावले. आयर्न बोल दर वर्षी होतो आणि दर वर्षी राज्यातील एका बाजूचा हंगाम कडू होतो.

(समाप्त)