मोला घर जाना हे

पुण्याचा प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला २२ जून १८९७ची रात्र आठवते: गणेशखिंड, रँड, चापेकर. मला त्याआधीची आठ महिन्यांपूर्वीची मुंबई जास्त विचारात पाडते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. प्लेगच्या रोग्यांना तिथे सक्तीने नेत आणि आत गेलेला माणूस परत येत नाही, असा समज घट्ट झाला होता. रोग्यांच्या देहातून मोमियाई काढतात, अशी आवई होती. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून काळजं काढून विलायतेला पाठवतात, असंही लोक बोलत. हा सगळा अडाणीपणा होता असं म्हणून मोकळं होता येतं. पण आत काय चाललंय ते बघायची सोय नाही आणि रोग्याला बाहेर पडायची मुभा नाही, तर माणसं दुसरं काय रचणार?

४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगांचा कायदा आला. मोजून चार कलमं. चौथं कलम सद्हेतूने काम करणाऱ्यांवर दावा लावता येणार नाही असं सांगतं. रोग्याच्या म्हणण्याला मात्र एकाही कलमात जागा नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्यातल्या प्लेग रुग्णालयाची अवस्था मांडली, तिथे नेलेल्या आपल्याकडच्या एका मुलीचं काय झालं ते विचारलं. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप फेटाळले.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्चला स्वतः प्लेगने गेल्या. रोगी दवाखान्यात न्यायला हवा, याबद्दल त्यांचं आणि सरकारचं दुमत नव्हतंच. फरक नेण्याच्या रीतीत होता. पुढल्याच वर्षी सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. म्हणजे गाठीच्या प्लेगपुरती तरी माणसांची ती ओढाताण बरीचशी फुकट होती.

मी रायपूरच्या सदर बाजारात राहते, अनुवादावर पोट भरते. सराफांच्या या गल्लीत कुणाकडेही इंग्रजी कागद आला की मला हाक येते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरातले आजोबा मांडीचं हाड मोडून एका खाजगी इस्पितळात होते. रात्री भ्रमात सलाईन उपसत, ‘मोला घर जाना हे’ एवढंच म्हणत. दोन्ही मनगटं पट्टीने खाटेला बांधली होती. मुलाने मला बोलावलं ते ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ हा कागद वाचून दाखवायला. सोडलं असतं तर आजोबा पडले असते, हे खरंच होतं. वॉर्डात रात्री एकच आया होती, हेही खरं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९५वं कलम साखळदंडांना बंदी करतं. ९७वं म्हणतं की तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच रुग्णाला जखडावं, तेही उपचाराची जबाबदारी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने वॉर्डातली रात्र पाहिलेली असणार. पण हाडांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यापर्यंत तो कायदा पोचत नाही. तिथे त्या एका कागदावर भागतं, आणि त्यावर सही मुलाची असते.

त्या कागदाचा मराठी मसुदा आता माझ्याकडे आला आहे. आधीच्या अनुवादकाने ‘शारीरिक निर्बंध’ लिहिलंय. निर्बंध दुकानांच्या वेळांवर असतात. मी ‘हात बांधणे’ लिहून पाठवलं, तर ते खोडून परत आलं.