निनावी तक्रार आणि आपले नाव

मांग-महारांच्या दुःखाविषयीचा मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. फुल्यांच्या शाळेतील ही विद्यार्थिनी. तिने आपले नाव लपविले नाही. याच फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे मात्र विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, अशी सोय होती. नाव कोठे सांगावे आणि कोठे झाकावे, याचे भान आपल्या परंपरेला होते. आणि त्या झाकलेल्या नावापाठी सावित्रीबाई स्वतः उभ्या होत्या.

सरकारी कचेरीत निनावी अर्ज म्हणजे दप्तरी दाखल करायचा कागद. विद्यार्थ्यांपुरते हे उशिरा बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरोधी विनियम केले. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची हमी आली. शाळांत तक्रारपेट्या लावण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये काढला. बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचारानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, तोच पुन्हा बजावावा लागला.

पेटी हवीच. पण जातीची तक्रार निनावी राहूच शकत नाही, हे पेटी लावणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. गेवराई तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात वर्गात आपल्या वस्तीची दोनच पोरे असतात. 'मला वेगळे बसवतात' एवढी ओळ पुरे. अक्षर ओळखायची गरजच उरत नाही. मारहाणीची चिठ्ठी कोणाचीही असू शकते, ही नसते. त्यात आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले, पोर आजीजवळ. नाव फुटले तर त्याच्या बाजूने शाळेत जाणार कोण? एकदा मी वर्गात कोरे कागद वाटले, नावे घालू नका म्हटले. बहुतेक कोरेच परत आले. एकावर दोन ओळी लिहून गिरगटून टाकल्या होत्या. मी त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला, याची मला अजून लाज वाटते.

शहरात तरी काय वेगळे? मुंबईत नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने २२ मे २०१९ रोजी जीवन संपविले. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची तक्रार आपण आधीच केली होती, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. म्हणजे येथे तक्रार करणाऱ्याला नाव होते, नाते होते. त्याच वर्षी ही आई आणि २०१६ मध्ये हैदराबादला गेलेल्या रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिकेवर दोघींची नावे आहेत : आबेदा तडवी, राधिका वेमुला.