गोसावी आणि करपा

बाजरीच्या एका रोगाला आमचा शेतकरी गोसावी म्हणतो. कणसात दाणे भरायच्या जागी हिरव्या पानांचा झुबका फुटतो, जटा वाढाव्यात तसा. तिसगावपासून मढी जवळच. नाथपंथी जटा पाहिलेल्या नजरेला हे नाव सुचलं यात नवल नाही. कृषी खात्याची पत्रकं त्याला केवडाही म्हणतात, पण कवी म्हणून माझं मत गोसाव्यालाच.

या गोसाव्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्यांत एक आयरिश माणूस होता. एडविन जॉन बटलर, जन्म १८७४, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला. शिकला वैद्यकी, पण १९०१ मध्ये हिंदुस्थानात आला तो झाडांचे रोग पाहायला. पुढे बिहारातल्या पुसा इथं काम करताना १९०७ मध्ये त्यानं या रोगावर प्रबंध छापला.

बटलर आयरिश होता, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. त्याच्या जन्माला तीस वर्षंही नव्हती, तेव्हा १८४५ मध्ये त्याच्या देशात बटाट्यावर करपा पडला. गरिबाच्या पोटाला तिथं बटाटाच होता, कारण धान्य विकून खंड भरावा लागे. त्यातही बहुतेक शेतांत लंपर ही एकच जात. बटाटा कंदापासून लावतात, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल. पानांवर काळे डाग, खाली पांढरी लव, आणि बघता बघता शेत कुजून जाई. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी तितकी तरी देश सोडून गेली. त्याच वर्षांत धान्याची जहाजं मात्र इंग्लंडला जातच होती.

कुणी हवेला बोल लावला, कुणी देवाच्या कोपाला. बर्कली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १८४६ मध्ये लिहिलं की बुरशी हेच रोगाचं कारण. पुष्कळ विद्वानांना ते पटेना. १८६१ मध्ये जर्मनीच्या आंतोन द बारीनं प्रयोगानं ते सिद्ध केलं.

काचेखाली करपा देखणा दिसतो, हे म्हणणं बरं नव्हे, पण खरं आहे. फांद्या फुटलेले नाजूक देठ, त्यांवर लिंबाच्या आकाराच्या पिशव्या. थंड पाण्याचा थेंब मिळाला की पिशवीतून दोन शेपट्यांचे बीजाणू पोहत निघतात. गोसाव्याच्याही अशाच पिशव्या, रात्रीच्या दमट हवेत पानाखाली धरणाऱ्या. दोघं एकाच कुळातले. आपण त्यांना बुरशी म्हणतो, पण आजचं शास्त्र त्यांना समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचे नातलग मानतं. मेटॅलॅक्झिल हे औषध दोघांवरही वापरतात.

लंपरची गोष्ट बाजरीतही घडली. १९६५ मध्ये लुधियानाहून एचबी-१ ही संकरित बाजरी आली. तिची आई टिफ्ट २३ ए, अमेरिकेतली. मागून आलेल्या एचबी-३ ची आईही तीच. उत्पन्न वाढलं, तसं तेच बी गावोगाव गेलं. १९७१ मध्ये गोसावी देशात ठिकठिकाणी या बाजरीवर तुटून पडला. पाठोपाठ महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे त्या पिढीकडून आपण ऐकतो. आदल्या वर्षीच्या गोसाव्याबद्दल क्वचितच.

गोसाव्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं टिकतात. १९८८ मध्ये त्याला तोंड देणारा आयसीटीपी ८२०३ हा वाण आला. त्यातूनच निवडून पुढे धनशक्ती केली. हे वाण संकरित नाहीत; चांगली कणसं निवडून घरी बी राखण्याची जुनी पद्धत त्यांना चालते.