सहा ग्रॅमचा हिशेब

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले होते, की अणुसंमीलनातून म्हणजेच फ्यूजनमधून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल. ती दोन दशके अजून संपायची आहेत! मात्र अशी भट्टी उद्या खरोखरच उभी राहिली, तर किरणोत्साराचा धोका किती, याचा थोडाबहुत अनुभव आज आपल्याजवळ आहे. तो मिळाला इंग्लंडमध्ये, कल्हॅम येथील ‘जेट’ या यंत्रात.

तेथे १९९१ मध्ये ड्यूटेरियमबरोबर किरणोत्सारी ट्रिटियम प्रथमच वापरले गेले. १९९७ मध्ये १६ मेगावॉट शक्ती मिळाली. चेर्नोबिलसारखा भडका उडण्याची भीती तेथे नव्हतीच. जळणारे इंधन असते अगदी चिमूटभर, आणि जरा काही बिघडले की ती आग आपोआप विझते. शमवण्यापेक्षा पेटती ठेवणेच अवघड!

खरी पंचाईत नंतर झाली. १९९७ च्या प्रयोगांत सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम आत सोडले होते. साफसफाई केल्यावरही त्यातले सुमारे ६ ग्रॅम बाहेर येईना. आतल्या कार्बनच्या फरश्यांनी ते धरून ठेवले होते. सहा ग्रॅम म्हणजे वाण्याच्या तराजूत नगण्य. पण किरणोत्साराच्या मापाने ते होतात सुमारे ५८ हजार क्युरी. ट्रिटियमचे किरण कातडीही भेदत नाहीत, हे खरे. परंतु ते पाण्यात मिसळते आणि पाण्यावाटे शरीरात शिरते. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचे धातूचे भागच किरणोत्सारी झालेले. त्यामुळे १९९८ मध्ये आतली दुरुस्ती माणसांऐवजी दूरनियंत्रित यांत्रिक हातांनी करावी लागली.

या अनुभवातून शहाणे होऊन २०११ पर्यंत कार्बन काढून बेरिलियम व टंगस्टनचे अस्तर बसवले. अडकणारे इंधन दहा पटींहून अधिक घटले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जेट’ कायमचे थांबले.

त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून फ्यूजन केंद्रांना अणुकेंद्राच्या परवान्यातून वगळले. फ्रान्समध्ये मात्र ‘इटेर’ प्रकल्प अणुकेंद्रांच्याच नियमांखाली उभा राहतो आहे. मला फ्रान्सची सावधगिरी पटते. कारण ‘जेट’ चाले ते काही सेकंद. हजार मेगावॉट संमीलनशक्ती वर्षभर अखंड मिळवायची, तर पन्नास किलोंहून अधिक ट्रिटियम जाळावे लागेल. त्यातले भिंतीत किती मुरेल, हा प्रश्न परवाना देणाऱ्याने आधी विचारायला हवा. कल्हॅमला आता यंत्र उकलून त्याच्या भागांतले ट्रिटियम वेगळे काढायचे काम आहे. ते काही वर्षे चालेल.