मोनेचा मोतीबिंदू

मागच्या वेळी आपण 1874च्या प्रदर्शनापाशी थांबलो होतो. नादार या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत तीसेक कलावंतांनी मिळून भरवलेले प्रदर्शन, त्यातले क्लोद मोनेचे धुक्यातल्या सूर्योदयाचे चित्र, आणि लुई लरुआ या टीकाकाराने थट्टेने वापरलेला 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द, इथपर्यंत. आज मधली तीस-चाळीस वर्षं ओलांडून एकदम मोनेच्या म्हातारपणात जाऊ. त्या काळाबद्दल एक समज फार पसरलाय: मोनेला मोतीबिंदू झाला, म्हणून त्याची शेवटची चित्रे धूसर झाली. संपलं! हे निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी आजचं व्याख्यान.

आधी एक गंमत. 1880च्या आसपास ह्युस्मान्स नावाच्या फ्रेंच लेखकाने असे निदान केले होते की, या नव्या चित्रकारांच्या डोळ्यांतच बिघाड आहे, त्यांना जिथे तिथे निळे दिसते. तेव्हा मोने चाळिशीचा, नजर ठणठणीत. म्हणजे चित्र कळले नाही की चित्रकाराचे डोळे तपासायचे, ही खोड मोतीबिंदूच्या बरीच आधीची आहे.

आता जिव्हर्नीला जाऊ. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीच्या काठी असलेलं हे गाव. मोने 1883मध्ये तिथे भाड्याने राहायला आला. 1890मध्ये त्याने ते घर विकत घेतले आणि 1893मध्ये रेल्वेरुळांच्या पलीकडची थोडी ओलसर जमीनही. तिथे त्याला तळे करायचे होते आणि त्यासाठी जवळच्या ओढ्याचे पाणी वळवायचे होते. गावकरी बिथरले. हा कसली तरी परदेशी झाडं लावणार, पाणी नासवणार, गुरांना विषबाधा होणार! मोनेला थेट वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावे लागले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. त्या तळ्यात फुलल्या त्या वॉटर लिली. आपल्याकडच्या कुमुदाच्या कुळातल्या त्या, पान पाण्यावर टेकलेलं. सोयीसाठी आपण कमळंच म्हणू.

पडद्यावर आता जी चित्रं दिसताहेत, ती 1909च्या प्रदर्शनाच्या काळातली. त्या प्रदर्शनात तळ्याची 48 चित्रे होती. यांत काय नाही, ते बघा. काठ जवळजवळ गेलाय. क्षितिज नाही. आकाश आहे, पण पाण्यात, उलटं. वर काय, खाली काय, हे पानांच्या आडव्या ठिपक्यांवरून ताडायचं. आणि मोतीबिंदूचं निदान झालं 1912मध्ये! आकार विरघळवण्याचा निर्णय आधीच झाला होता. आमच्या मते वादाचा निकाल इथेच लागतो, पण गोष्ट पुढेच जास्त बोलते.

1911मध्ये त्याची दुसरी पत्नी आलिस गेली. 1914च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा जाँ गेला. मोनेने ब्रश जवळजवळ खाली ठेवला होता. अशा वेळी त्याला पुन्हा कामाला लावले ते जुना मित्र जॉर्ज क्लेमाँसोने. हा माणूस पुढे युद्धकाळात फ्रान्सचा पंतप्रधान झाला आणि शिक्षणाने डॉक्टर होता. दोन्ही गोष्टी मोनेच्या कामी आल्या. महायुद्ध चालू असतानाच मोनेने बागेत एक प्रचंड स्टुडिओ बांधून घेतला. दोन मीटर उंच, चार मीटरहून रुंद कॅनव्हास, चाकांवर सरकवता येतील असे. 11 नोव्हेंबर 1918ला तोफा थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी मोनेने क्लेमाँसोला पत्र लिहिले: दोन चित्रे देशाला द्यायची आहेत. दोनाची पुढे कितीतरी झाली.

आता डोळे. मोतीबिंदू म्हणजे बुबुळामागचं भिंग गढुळतं, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. पण ते नुसतं गढुळत नाही, पिवळं आणि मग तपकिरी होत जातं, आणि निळा प्रकाश अडवतं. घरातल्या कुणाचं ऑपरेशन झाल्यावर 'अगं, ही भिंत इतकी पांढरी होती?' असं तुम्ही ऐकलं असेल. मोनेला लाल रंग मातकट दिसू लागले. रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून आणि पॅलेटवर ठरलेल्या जागी रंग ठेवून तो काम करत होता. जपानी पुलाची ही नंतरची चित्रं बघा. विटकरी, गंजलेली, पूल शोधावा लागतो. इथे आजाराचा हात नाही, असं आम्ही म्हणणार नाही. काही कॅनव्हास त्याने स्वतःच फाडले, जाळले.

1922मध्ये उजव्या डोळ्याला प्रकाशाची जाणीव तेवढी उरली होती. क्लेमाँसोने मागे लागून त्याला डॉ. शार्ल कुतेलाकडे नेले आणि 1923मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. आजच्यासारखं दुपारी घरी, असं नव्हतं. भिंग काढून टाकायचं, आत दुसरं बसवायचं तंत्रच नव्हतं. मग काही दिवस डोळ्यांवर पट्टी, डोकं न हलवता पडून राहायचं. ऐंशीच्या घरातला हा तापट म्हातारा कसला पडून राहतोय! नंतर जाड चष्मा. आधी सगळे फार पिवळे, मग फार निळे. डाव्या डोळ्याला त्याने हात लावू दिला नाही. चिडून 1925च्या सुरुवातीला त्याने दान रद्द करतो, असेही कळवून टाकले. क्लेमाँसो इतका संतापला, की मैत्री तुटायची वेळ आली.

त्याच वर्षी नव्या चष्म्याने नजर पुष्कळ सुधारली. आता आमचा मुद्दा. त्याला कॅनव्हास पुन्हा नीट दिसत होते. धूसरपणा हा अपघात असता, तर तो पुसायला त्याच्याकडे वर्षभराहून जास्त वेळ होता. त्याने हात फिरवला, रंग बदलले. पण काठ परत आणला नाही, क्षितिज परत आणलं नाही. जिवंत असेपर्यंत मात्र चित्रे हातातून सोडलीही नाहीत. 5 डिसेंबर 1926ला तो गेला आणि 17 मे 1927ला पॅरिसच्या ऑरांजरीत ती खुली झाली. दोन लंबगोल दालने, आठ रचना, वरून येणारा दिवसाचा उजेड.

आणि लोक फिरकलेच नाहीत! तोवर क्यूबिझम जुना व्हायला लागला होता. कमळं कोण बघणार? पुढे 1960च्या दशकात दुसऱ्या एका संग्रहासाठी वर मजला चढवला गेला आणि या दालनांचा उजेड बंद झाला. आयुष्यभर उजेडाच्या मागे फिरलेल्या माणसाची चित्रे चाळीसेक वर्षे दिव्यांखाली राहिली. 2006मध्ये तो मजला काढून संग्रहालय पुन्हा उघडले. आता ढग आला की तळंही काळवंडतं. जाणार असाल तर सकाळी जा, गर्दी कमी असते.

मधल्या काळात, 1950च्या दशकात, ही चित्रं अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकारांनी कशी शोधून काढली, ते पुढच्या वेळी.